तिसरी मागणी

सपारगाली पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला तेव्हा खात्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ माळ्यावर गेलं आणि मिळालेला सगळा वेळ गॅरेजमध्ये. गॅरेजमध्ये त्याची निवा होती, जुनी जीपसारखी गाडी. हिरवी, उंच पायांची, त्याच्या मोठ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी थोरली. मुलगा नोकरीसाठी राजधानीत, अस्तानाला गेला त्या दिवशी सपारगाली स्टेशनावर अजिबात रडला नाही. निवाचा आरसा कुणीतरी मोडला तेव्हा मात्र दोन दिवस जेवला नव्हता. मी शेजारीच राहतो, त्यामुळे हे मला माहीत आहे. नसतं माहीत तर त्याच्या बायकोने, कुलझिरावहिनींनी सांगितलंच असतं.

दर रविवारी तो गाडी घेऊन तलास नदीवर मासे धरायला जाई. मासा कधी आला नाही.

"मासे धरायला जातात की गाडीला पाणी पाजायला, देव जाणे," वहिनी म्हणत.

असं सुरळीत चाललेलं असताना, मार्चच्या सुरुवातीला तोरगिनचा फोन आला. तोरगिन म्हणजे सपारगालीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, गुरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. फोनवर ती एवढंच म्हणाली, "मामा, मला एक जुनी गाडी घ्यायचीय. तुम्ही जरा बघाल का?"

सपारगालीने फोन खाली ठेवला, उठून गॅरेजला कुलूप आहे ना ते बघून आला, आणि मग माझ्याकडे आला.

"झाकेन, तिची एक शिल्लक आहे," तो म्हणाला.

मला लगेच कळलं. आमच्यात कुणालाही कळलं असतं. भाच्याने किंवा भाचीने मामाकडे आयुष्यात तीन वेळा मागायचं, आणि मामाने नाही म्हणायचं नाही. काय मागायचं याला धरबंध नाही. घोडा मागा, गालिचा मागा. शहाणी भाचरं लहानपणीच कोकरू-बिकरू मागून हक्क उधळून टाकतात आणि मामालोक सुटकेचा श्वास सोडतात. तोरगिन तशी नव्हती. पाच वर्षांची असताना तिने सपारगालीचं काळं शिंगरू मागितलं, जे तो शर्यतीसाठी वाढवत होता. बारा वर्षांची झाल्यावर त्याचा अकॉर्डियन मागितला. दोन्ही वेळा पोरीने काही विचार न करता नुसतं बोट दाखवलं, आणि दोन्ही वेळा ते बोट थेट मामाच्या काळजावर पडलं. आता ती बावीस वर्षांची होती आणि विचार करायलाही शिकली होती.

"तिला कसली गाडी हवीय?" मी विचारलं.

"उंच," सपारगाली खोल आवाजात म्हणाला.

प्रकरण असं होतं. डोंगरपायथ्याशी दुइसेन डॉक्टरांचा मेंढपाळांमध्ये मोठा दवाखाना आहे. मेंढ्या वितात त्या हंगामात ते एक शिकाऊ डॉक्टर हाताखाली घेतात, आणि तिथे जो टिकला त्याला पुढे काम कमी पडत नाही. त्यांनी तोरगिनला निवडलं होतं, पण एका अटीवर. बस हमरस्त्याच्या फाट्यापर्यंतच जाते. तिथून वर चिखल, दगड आणि एक ओढा. नौरिजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सणापर्यंत स्वतःची गाडी घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. गाडी मिळाली नाही तर तोरगिनला शहरातल्या एका दवाखान्यात सरावासाठी बसावं लागणार होतं, जिथे बायका मांजरांची नखं कापून घ्यायला येतात.

"मेंढ्या कुठे आणि मांजरं कुठे," सपारगाली म्हणाला. "पोरीचं नुकसान व्हायला नको. उद्यापासून शोधायला लागू."

नुकसान कुणाचं व्हायला नको ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून त्याला एका जागी बसता येईना. चहा तो उभ्याने प्यायला लागला. तळलेला बाउरसाक पाव हातात घ्यायचा आणि न खाता अंगणात फिरून परत ताटलीत ठेवायचा. एका सकाळी बघतो तर त्याने निवा ढकलत माझ्या शेडमध्ये आणली होती.

"तुझ्याकडे राहू दे. आमच्या गॅरेजमध्ये ओल येते."

"अठ्ठावीस वर्षांत नव्हती आली?"

"या वर्षी हवा वेगळी आहे."

दोन दिवसांनी त्याला वाटलं की शेजारी लपवलेली गाडी सापडली तर जास्तच लाज. म्हणून ती परत नेली. मग एका दुपारी बादलीभर चिखल कालवून तो गाडीच्या अंगाला फासताना दिसला. नंबरपाटीसुद्धा सोडली नाही. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अहो, भाचीपासून गाडी लपवायला चिखल फासताय? ती गुरांची डॉक्टर आहे. शेणाने माखलेल्या म्हशीचंही वय सांगते ती."

संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःचीच शरम वाटली आणि त्याने गाडी धुतली. धुतल्यावर ती इतकी सुंदर दिसायला लागली की त्याला पुन्हा घाम फुटला.

रविवारी आम्ही गाड्यांच्या बाजारात गेलो. बाजार गावाबाहेर भरतो, गुरांच्या बाजाराला लागूनच. मधे फक्त एक तारेचं कुंपण आहे, आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना ऐकू येणाऱ्या शपथा सारख्याच असतात. तोरगिन गळ्यात छाती तपासायची नळी अडकवून आली होती. खिशात लोहचुंबक होतं.

पहिली गाडी जर्मन होती, चंदेरी. विकणाऱ्याच्या दाताचा रंगही तोच होता.

"एकच मालक," तो म्हणाला. "म्हातारी बाई. फक्त दवाखान्यात जायला वापरायची."

"वा!" सपारगाली म्हणाला. "घेऊन टाक, तोरगिन. म्हाताऱ्या बायका गाडी जपतात."

तोरगिन खाली वाकली आणि तिने क्लचचं पेडल बघितलं. रबर झिजून खालचं लोखंड दिसत होतं.

"दवाखाना कुठे होता आजींचा?" तिने विचारलं. "चीनमध्ये?"

दुसरी गाडी लाल होती, नुकती रंगवलेली, लग्नाच्या घोडीसारखी. तोरगिनने दारावर लोहचुंबक लावलं. ते घसरत खाली आलं. मागच्या दारावर लावलं, तिथूनही आलं. पत्र्याऐवजी सगळी लांबीच भरलेली होती.

"ताई, हे चुंबक खराब आहे," विकणारा म्हणाला.

"चालेल की," सपारगाली म्हणाला. "लांबीला गंज तरी लागत नाही."

तोरगिनने मामाकडे नीट पाहिलं. तिची नजर शांत होती, पोट फुगलेल्या गाईकडे बघतात तशी. सपारगालीने टोपी काढली, पुसली, उलटी घातली.

तिसऱ्या गाडीच्या इंजिनाला तिने नळी लावली. भोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "ताई, गाभण आहे का?" तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "दमा आहे." विकणारा रागाने झाकण आपटून निघून गेला, पण निघताना त्याची गाडी खरोखरच दोनदा खोकली.

दुपारपर्यंत असंच चाललं. जी गाडी दिसेल तिची सपारगाली तोंड भरून स्तुती करी. एकीचं स्टिअरिंग हातात निघून आलं तेव्हाही तो म्हणाला, "सुटे भाग वेगळे मिळालेले बरे असतात." बाजारातल्या प्रत्येक शहाण्याने मात्र तोरगिनचं ऐकून घेतल्यावर एकच सल्ला दिला. "डोंगरात जायचं? ओढा आहे? मग पोरी, तुला निवासारखं काहीतरी लागेल." आणि प्रत्येक वेळी सपारगालीला खोकला येई.

शेवटी हेगाय मास्तर भेटले. गेन्नादी हेगाय आमच्याकडच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्याकडे छोटी जपानी गाडी होती, निळी. मास्तर सरळ माणूस. विचारण्याआधीच म्हणाले, "मागच्या काचेला तडा आहे, हिटर उशिरा तापतो, आणि माझ्या बायकोने एकदा ती कोंबड्यांच्या खुराड्याला धडकवली आहे. बाकी बरी आहे."

तोरगिनने चुंबक लावलं, ते चिकटलं. नळी लावली, बराच वेळ ऐकलं. गाडीखाली झोपून बघितलं. किंमतही तिच्या साठवलेल्या पैशांत बसत होती. दोन उन्हाळे मेंढ्यांना लस टोचून तिने ते जमवले होते.

"निरोगी आहे," ती उठत म्हणाली. "पण पाय आखूड आहेत."

"आखूड?" सपारगाली जवळजवळ ओरडला. "गाडीला पाय किती लागतात? जमिनीला टेकले म्हणजे झालं!"

"ओढ्यापर्यंत नेऊन बघते. वर गेली तर घेते."

मास्तरांनी मान्य केलं. ठरलं, दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं.

सकाळी निघायच्या वेळी वहिनी दारात आल्या. "तुम्ही निवा घेऊन मागून जा. अडकली तर ओढायला."

"अडकायची नाही ती," सपारगाली म्हणाला.

"मग न्यायला काय हरकत आहे?"

निवा नेणार नाही म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून निळ्या गाडीत तोरगिन आणि हेगाय मास्तर पुढे, आणि मागून निवात सपारगाली आणि मी, अशी वरात निघाली. वाटभर तो निळ्या गाडीला चुचकारत होता. फाटा ओलांडून ती चिखलात शिरली तेव्हा पुढे वाकून म्हणाला, "चल माझी बाय, चल." इतक्या प्रेमाने त्याने वहिनींना कधी हाक मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पहिला चढ ती चढली. दुसरा चढली. सपारगालीने माझ्या मांडीवर थाप मारली. ती अजून दुखते.

मग ओढा आला. बर्फ वितळायला लागलं होतं, पाणी फार नव्हतं, पण दगड होते. तोरगिनने गाडी व्यवस्थित घातली. अर्ध्यात गेल्यावर खालून खरवडल्याचा आवाज आला आणि निळी गाडी थांबली, म्हशीसारखी पोट टेकून.

पलीकडच्या काठावर दुइसेन डॉक्टर उभे होते. आवाज ऐकून खाली आले असावेत. तोंडात कुर्तचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा खडा होता, आणि ते तो चघळत सगळं बघत होते. घाई नव्हती.

सपारगालीला निवा पाण्यात घालावीच लागली. निवा ओढ्यात शिरली, दगडांवरून डुलत गेली, पलीकडे चढली आणि उभी राहिली. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा एक पेला रिकामा करायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. सपारगाली खाली उतरला. मागून दोर काढला. दोर हातात धरून तो तसाच उभा राहिला, कारण डॉक्टर निवाभोवती फिरत होते.

त्यांनी टायरला लाथ मारली. दार उघडून लावून बघितलं. मग विचारलं, "ही कुणाची?"

मास्तर आपल्या गाडीत सीटवर पाय वर घेऊन बसले होते. तोरगिन पाण्यातून चालत काठावर आली. बुटांतून पाणी गळत होतं.

"मामांची," ती म्हणाली.

"अस्सं." डॉक्टरांनी खडा दुसऱ्या गालात घेतला. "सख्खा मामा?"

"सख्खा."

"आणि तू अजून गाडी शोधतेयस?"

आता सगळे सपारगालीकडे बघायला लागले. मीसुद्धा. तो दोराची गाठ मारत होता, सोडत होता, पुन्हा मारत होता. तोरगिन एका दगडावर बसली, बूट काढून त्यातलं पाणी ओतलं, मोजा पिळला. ती आता मागेल, आता मागेल, म्हणून आम्ही वाट बघत होतो. तिने दुसरा बूट काढला.

"डॉक्टर, मी परवापर्यंत काहीतरी बघते," ती म्हणाली.

"परवा नौरिज आहे."

"माहीत आहे."

सपारगालीच्या हातातला दोर खाली पडला. दोन आठवडे ज्या शब्दाला तो घाबरत होता तो शब्द येत नव्हता, आणि हे त्याला त्याहून सहन होईना. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, दोन पावलं मागे गेला, परत आला.

"माग ना!"

"काय?"

"जे मागायचंय ते माग. जीव टांगणीला लावू नकोस. तुझी एक शिल्लक आहे."

"तुम्ही आपणहून का देत नाही मग?" मास्तरांनी पाण्यातूनच विचारलं. शिक्षकाला प्रश्न विचारायची सवय असते.

"मी दिली तर ती मागणीत धरत नाहीत!" सपारगाली ओरडला. "गाडीही जाईल आणि तिची एक शिल्लकही राहील! मग पुढे काय मागेल, घर?"

तोरगिन हसायला लागली. मग गंभीर झाली. ओला मोजा हातात धरून ती उभी राहिली.

"बरं. मागते. ही तिसरी आणि शेवटची. सगळे ऐका."

"ऐकतोय," डॉक्टर म्हणाले.

"मामा, मला तुमची निवा विकत हवी. पैसे देऊन. आणि तुम्ही ते पैसे घ्यायचे."

सपारगालीचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग काळवंडला.

"पैसे? मामाने भाचीकडून? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"नाही म्हणताय?"

"नाही म्हणता येत नाही, म्हणूनच तर... अगं, फुकट घे की! काय वेड लागलंय?"

"शिंगरू फुकट घेतलं होतं," तोरगिन म्हणाली. "त्यानंतर तुम्ही दर आठवड्याला आमच्याकडे यायचात. मला भेटायला नाही, त्याला भेटायला. त्याला ओट कमी घातले म्हणून आईला बोलायचात. अकॉर्डियनचंही तेच. मी एक सूर चुकीचा लावला की तुम्ही चहा सोडून उठायचात. मामा, ही माझी पहिली गाडी आहे. मला ती माझी हवी. मी ठोकली तर मी ठोकली. तुम्ही रोज सकाळी येऊन तेल तपासायचं नाही."

"तेल रोजच तपासावं लागतं," सपारगाली क्षीण आवाजात म्हणाला.

"बघा. म्हणून विकत."

दुइसेन डॉक्टर गुरांच्या बाजारात मोठे झालेले. त्यांनी एका हाताने सपारगालीचा हात धरला, दुसऱ्याने तोरगिनचा, आणि दोन्ही हात एकमेकांत देऊन वरखाली हलवायला लागले. आमच्याकडे सौदा असाच होतो. दोघं कबूल होईपर्यंत मधला माणूस हात सोडू देत नाही.

"बोला. किती?"

"एक तेंगे," सपारगाली म्हणाला.

"बारा लाख," तोरगिन म्हणाली.

डॉक्टरांचा हात मधेच थांबला. आयुष्यात त्यांनी हजारो सौदे जुळवले असतील, पण दोन्ही टोकं उलट्या जागी कधी पाहिली नव्हती.

"हिच्यात बारा लाखांचं आहे काय?" सपारगाली म्हणाला. "गिअर खडखडतो. हँडब्रेक नुसता शोभेचा आहे. बारा म्हणे! लुटायला बसलीय स्वतःला! दोन लाख, त्याच्यावर एक तेंगे नाही."

"मामा, इंजिनाचा आवाज मी ऐकलाय. असं इंजिन बाजारात नाही. अकरा."

"पुढचा दिवा मी दोऱ्याने बांधलाय. तीन."

"दिवा बदलता येतो. दहा."

"गंज!" सपारगाली विजयाने म्हणाला. "खालून गंज आहे, तू बघितलाच नाहीस! चार!"

"खाली झोपून बघितलंय. तुम्ही चहा पीत होतात. गंज अंगठ्याएवढा आहे. नऊ."

स्वतःच्या लाडक्या गाडीची त्याने इतकी बदनामी केली की निवाच्या जागी मी असतो तर उठून गेलो असतो. हात वरखाली चालूच होते. शेवटी सात लाखांवर दोघंही दमले. डॉक्टरांनी जोरात टाळी मारून हात सोडले आणि आपली बोटं चोळत बसले. तोरगिनने पाठीवरच्या पिशवीतून पाकीट काढून सपारगालीच्या कोटाच्या खिशात कोंबलं. त्याने खिशावर हात ठेवला, जणू तिथे काहीतरी जिवंत होतं आणि ते बाहेर येईल.

किल्ली द्यायला त्याला वेळ लागला. किल्ली कडीतून निघत नव्हती, किंवा तो काढत नव्हता.

तेवढ्यात वरून मेंढपाळाची हाक आली. एक मेंढी अडली होती, पिल्लू आडवं. डॉक्टर उठले. "आत्ता," ते तोरगिनला म्हणाले. "गाडी आहे ना तुझ्याकडे?"

तोरगिनने मामाच्या हातातून कडीच काढून घेतली, घराची, गॅरेजची आणि निवाची किल्ली एकत्र असलेली. दोघं गाडीत बसले. सपारगाली खिडकीशी धावला.

"चढाला दुसऱ्या गिअरमध्येच ठेव! आणि क्लच अर्ध्यात..."

तिने हसून काच वर केली. निवा चिखल उडवत वळणाआड गेली.

आम्ही तिघं राहिलो. मी आणि सपारगाली पलीकडच्या काठावर, हेगाय मास्तर ओढ्याच्या मधोमध आपल्या गाडीत. पाणी दाराला लागत होतं.

"सपारगाली," मास्तरांनी हाक मारली, "आता मला ओढणार कोण?"

"निवा."

"मग बोलवा ना तिला."

सपारगालीने वर पाहिलं. पुढचं वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होता.

"माझी नाही ती."

तो काठावर येरझारा घालायला लागला. चार पावलं इकडे, चार तिकडे. खिशावर हात, टोपीवर हात, पुन्हा खिशावर. मग एकदम थांबला आणि मला गप्प राहायची खूण केली. डोंगरावरून इंजिनाचा आवाज येत होता, जड, चढाला लागलेला. मग आवाज क्षणभर तुटला आणि हलका होऊन पुन्हा चालू झाला.

"तिसऱ्यात टाकली," सपारगाली म्हणाला. तो बराच वेळ ऐकत राहिला. "बरोबर टाकली."

आणि हे त्याला अजिबात आवडलेलं नव्हतं.